गोवा सीमा सत्याग्रह (1954–55)

पोर्तुगीज अमलाखालच्या गोमंतकीयांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी भारतातून निःशस्त्र तुकड्यांनी गोव्याची हद्द ओलांडून केलेला सत्याग्रह. त्याची एक महत्त्वाची वाट तेव्हाच्या रत्नागिरी, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून जात होती. बांदा, सातार्डा, आरोंदा, रेडी ही गावे हद्दीला खेटून. पलीकडचे पेडणे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. अंमल बदलला तरी सोयरीक, जत्रा आणि बाजारहाट चालूच राहिले.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात सभा, संघटना, वृत्तपत्रे सगळ्यांवरच बंधने होती. 18 जून 1946 रोजी राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या गोमंतकीय तुकडीने तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा चढवला. हा किल्ला गोव्याचा असला तरी नदीच्या उत्तर तीरावर, रेडीच्या बाजूला आहे. कोकणातून तिथे जायला होडी लागत नाही.

पुढच्या वर्षी गोव्याबाहेरचे लोकही मोठ्या संख्येने उतरले. 18 मे 1955 रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी आत शिरली. बापट तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेले. गोरे आणि नंतर गेलेले मधू लिमये यांना लांबलचक शिक्षा झाल्या. 1957 साली ते सुटले. सत्याग्रही स्वतः स्वतंत्र देशाचे नागरिक होते, घरी बसले असते तर कुणी बोट दाखवले नसते. पाठीशी लष्कर नाही, हातात काठीही नाही, आणि पलीकडे मार ठरलेला. या लढ्याचे मोल ठरवताना हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

15 ऑगस्ट 1955 रोजी हजारो सत्याग्रही एकाच वेळी हद्दीत घुसले. बांद्याजवळच्या पत्रादेवी नाक्यावर गोळीबार झाला. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय हाती झेंडा असतानाच गोळी लागून जखमी झाल्या. पंजाबातल्या इसरू गावचे कर्नैलसिंग ठार झाले. त्या दिवशी एकूण वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पत्रादेवीला आज हुतात्मा स्मारक आहे.

यानंतर भारत सरकारने सामुदायिक सत्याग्रह थांबवला आणि गोव्याची आर्थिक नाकेबंदी कडक केली. तिची झळ पोर्तुगिजांइतकीच सीमेवरच्या कुटुंबांनाही बसली. लेकीचे सासर पलीकडे, तर भेटीगाठी अवघड. गोव्याच्या बाजारात मात्र हॉलंडचे बटाटे येऊ लागले.

लढा थांबला नाही. 25 नोव्हेंबर 1955 पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त नभोवाणी चालवली. पुढे ती कर्नाटक-गोवा हद्दीवरच्या कॅसलरॉकला हलली. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतली ही प्रसारणे डिसेंबर 1961 पर्यंत चालू होती. सत्याग्रहाला जितकी प्रसिद्धी मिळाली, तितकी या चिवट कामाला मिळाली नाही.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. सशस्त्र लढ्यातले मोहन रानडे मूळचे सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले. 1955 साली पकडले गेलेले रानडे मुक्तीनंतरही पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी खटपट केली; सुटका झाली ती 1969 साली.