परिचारिका-औषधलेखन

नोंदणीकृत परिचारिकेने रुग्ण तपासून स्वतःच्या सहीने व स्वतःच्या जबाबदारीवर औषधाची चिठ्ठी लिहिणे. डॉक्टरने लिहिलेले औषध देणे किंवा स्थायी आदेशानुसार (डॉक्टरांनी आधीच ठरवून दिलेल्या लेखी सूचनेनुसार) ठरलेली मात्रा टोचणे यात मोडत नाही. ही सीमा न पाळल्यामुळे या प्रथेच्या इतिहासलेखनात बराच गोंधळ आढळतो.

उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक मेरी ब्रेकिनरिज यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील केंटकीच्या डोंगराळ भागात सुरू केलेल्या फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिसपर्यंत मागे जातात. तिथल्या परिचारिका घोड्यावरून घरोघर जाऊन औषधे देत, मात्र डॉक्टरांच्या समितीने मंजूर केलेल्या लेखी आदेशांनुसार. निर्णय आधीच झालेला असे, म्हणून त्याला औषधलेखन म्हणणे कठीण आहे. दुसरे मत लॉरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये कोलोरॅडोत सुरू केलेल्या नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमाला आरंभ मानते. तिथे प्रशिक्षण होते, सहीचा अधिकार नव्हता. कायद्याची मान्यता हा निकष धरला, तर १९७१ मधील आयडाहोपासून सुरू झालेल्या राज्य कायद्यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक ठरते.

ब्रिटनमधील वाटचालीची नोंद अधिक स्पष्ट आहे. घरी जाऊन जखम बांधणाऱ्या परिचारिकेला पट्टीच्या साहित्यासाठीही डॉक्टरच्या सहीची वाट पाहावी लागे. ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीने १९८६ मध्ये मर्यादित यादीतून लिहिण्याची मुभा सुचवली. १९९२ मध्ये कायदा झाला, १९९४ मध्ये प्रायोगिक केंद्रे सुरू झाली आणि २००६ पासून पात्र परिचारिकांना जवळपास संपूर्ण औषधसूची खुली झाली. २०१२ मध्ये मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांचीही भर पडली. व्यसनोपचारासाठी कोकेन, डायमॉर्फिन व डिपिपॅनोन लिहिण्यास मात्र मनाई राहिली. औषधलेखनासाठी लागणाऱ्या व्ही-३०० या पात्रतेत औषधशास्त्राच्या परीक्षेत किमान ८० टक्के गुण लागतात, तर मात्रेच्या गणितात पूर्ण १०० टक्के. गणितातली ही कठोरता योग्यच आहे, कारण दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते. अभ्यासक्रम पुरा केला तरी नोंदवहीत तसा शेरा पडेपर्यंत चिठ्ठी लिहिता येत नाही. गोव्यातून तिकडे गेलेल्या परिचारिकेची नोंदणी झाली म्हणजे हा अधिकार आपोआप मिळाला, असे होत नाही.

स्वीडन (१९९४), आयर्लंड (२००७) व पोलंड (२०१६) यांनीही वेगवेगळ्या मर्यादांसह अधिकार दिले. युगांडात २००४ पासून वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका मॉर्फिन लिहितात. डॉक्टरांची टंचाई असलेल्या देशांसाठी हे उदाहरण युरोपपेक्षा अधिक बोलके आहे.

भारतात, म्हणून गोव्यातही, अनुसूची एच मधील (केवळ चिठ्ठीवरच विकता येणारे) औषध परिचारिकेच्या चिठ्ठीवर फार्मसीतून देता येत नाही. औषधे नियम, १९४५ नुसार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाची सही लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्य पुरवठादारांना (मर्यादित परवाना मिळालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना) प्राथमिक व प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहू देण्याची तरतूद आहे. डॉक्टरांच्या संघटनांनी तिला तीव्र विरोध केला.

भारतातील आरोग्य उपकेंद्रावरील परिचारिकेचे काम स्थायी आदेशांवर चालते. रक्तदाबाच्या गोळ्या वैद्यकीय अधिकारी सुरू करतो, पुढचा पुरवठा उपकेंद्रातून होतो. प्रसूतीनंतर मिनिटभरात, पोटात दुसरे मूल नसल्याची खात्री करून, १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत देतात. हे औषध २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावे लागते, अन्यथा त्याचा प्रभाव घटतो. गरोदरपणी झटके आल्यास इस्पितळात पाठवण्यापूर्वी ५० टक्के मॅग्नेशियम सल्फेटची एकूण १० ग्रॅम मात्रा देतात : एक ग्रॅमचे दहा अँप्युल, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, स्नायूत खोलवर. येथे धोका बहुधा टोचण्यात नसून कागदात असतो. गोव्यातील सत्तरी तालुक्यातून बांबोळीला निघालेल्या बाईच्या संदर्भचिठ्ठीवर मात्रा व वेळ नसेल, तर तिथल्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) तीच आरंभमात्रा पुन्हा दिली जाऊ शकते. मॅग्नेशियम जास्त झाल्यास आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते, नंतर श्वास मंदावतो. उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर शिरेतून सावकाश देतात.