‘पिन कोणती?’ ते ‘पिन हवीच कशाला?’

नाशिकला एम. जी. रोडवर, प्रधान पार्कच्या आसपास कुठल्याही मोबाईलच्या दुकानात चार्जर मागा, समोरून पहिला प्रश्न येतो, “पिन कोणती?” वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला गिऱ्हाईक गडबडून जायचं. नोकियाची जाड, नोकियाची बारीक, सोनी एरिक्सनची चपटी, मोटोरोलाची मिनी, सॅमसंगची आणखी निराळी. सांगता नाही आलं तर दुकानदार म्हणायचा, “फोनच दाखवा.” आज बहुतेकांचं उत्तर एकच असतं, सी टाईप. आणि आता काही कंपन्यांना तेही नको आहे. फोनला छिद्रच ठेवायचं नाही, तबकडीवर नुसता ठेवला की चार्ज व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं. हा वाद समजून घ्यायचा तर थेट त्या जाड पिनेपर्यंत मागे जावं लागतं.

नोकियाची जाड पिन साडेतीन मिलिमीटरची. २००५ च्या सुमारास तिची जागा दोन मिलिमीटरच्या बारीक पिनेने घेतली. दोन्ही गोल. त्यात उलट-सुलट असं काही नव्हतंच, अंधारात चाचपडत लावली तरी बसायची. आमच्याकडे निफाड तालुक्यात तेव्हा भारनियमन असं होतं की लाईट आली की घरातला प्रत्येक जण आधी बटणाकडे धावायचा. दोन भावांचे दोन फोन, दोन पिना, आणि भिंतीत सॉकेट एकच. त्यावर बाजाराने स्वतःच एक तोड काढली होती : चिमट्याचा चार्जर. फोनमधून बॅटरी काढायची, चिमट्यात धरायची, दोन टोकं बॅटरीच्या पट्ट्यांना टेकवायची आणि लाल-हिरवे दिवे लागायची वाट बघायची. कंपन्यांचं एकमत होत नव्हतं, तेव्हा त्या पन्नास-साठ रुपयांच्या प्लॅस्टिकने सगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या एका रांगेत आणल्या होत्या. मला त्याचं आजही मोल वाटतं.

एकमताचा खरा पाया मात्र मोबाईलवाल्यांनी घातलेला नाही. तो कॉम्प्युटरवाल्यांनी घातला. प्रिंटरला एक वायर, माऊसला दुसरी, कीबोर्डला तिसरी, या त्रासावर उपाय म्हणून यूएसबी आली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ ची. इंटेलमध्ये त्या कामात पुढे होते अजय भट्ट, मूळचे वडोद्याचे. यूएसबीतून माहितीबरोबर थोडी वीजही जायची : पाच व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. ती माऊस चालवायला दिलेली होती. पण तेवढ्या विजेवर छोटा फोनही सावकाश भरतो, हे लोकांच्या लवकरच लक्षात आलं.

पहिलं सरकारी पाऊल चीनने उचललं. डिसेंबर २००६ च्या तिथल्या मानकाने चार्जरच्या डब्याकडच्या टोकाला यूएसबीचं तोंड असावं असं ठरवलं. केबल कुठलीही असो, डबा एकच. आज आपण केबल आणि ‘डब्बा’ वेगवेगळे विकत घेतो ती सवय तिथून पडली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००७ मध्ये, मायक्रो यूएसबी जाहीर झाली. आपल्याकडच्या दुकानदारांनी तिला ‘व्ही एट’ म्हटलं, कुणी ‘बी टाईप’, कुणी ‘साधी पिन’. ती चपटी, एका बाजूला निमुळती, आणि दहापैकी पाच वेळा उलटी लागणारी. पण तिच्यात एक शहाणपण होतं. आधीच्या मिनी यूएसबीची हमी पाच हजार वेळा काढ-घाल करण्याची होती, मायक्रोची दहा हजार. शिवाय झिजणारे स्प्रिंग फोनातून काढून केबलच्या टोकात घातले होते. झिजायचंच तर वायर झिजू दे, ती शंभर रुपयांत मिळते.

फेब्रुवारी २००९ मध्ये मोबाईल सेवा कंपन्यांच्या जागतिक संघटनेने २०१२ पर्यंत एकच चार्जर आणायचा संकल्प सोडला. त्याच वर्षी जूनमध्ये युरोपीय आयोगाने फोन कंपन्यांकडून करारावर सह्या घेतल्या. तेव्हा युरोपात तीसहून जास्त प्रकारचे चार्जर चालत होते. करार मायक्रो यूएसबीचा होता, ॲपलचीही त्यावर सही होती. मात्र तो ऐच्छिक होता आणि त्यात एक पळवाट होती : फोनला स्वतःची पिन असली तरी चालेल, जोडीला मायक्रो यूएसबीचा छोटा ॲडाप्टर मिळाला म्हणजे झालं. ॲपलने तीच वाट घेतली. २००३ पासूनची तीस पिनांची रुंद पट्टी सोडून सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर तिने लाइटनिंग आणली.

लाइटनिंगला नावं ठेवणं आज सोपं आहे. पण त्या वेळी ती मायक्रो यूएसबीपेक्षा उजवी होती हे मान्य करायला हवं. दोन्हीकडून लागायची, आकाराने लहान आणि टणक. अडचण पिनेत नव्हती, मालकीत होती. दुसऱ्या कुणाला तिची केबल किंवा उपकरण रीतसर बनवायचं तर ॲपलची परवानगी लागे. त्यामुळे एकाच घरात ‘आयफोनची पिन’ आणि ‘बाकीची पिन’ असे दोन तट पडले आणि पुढची अकरा वर्षं ते तसेच राहिले.

बाकीच्यांचा प्रवास मात्र सरळ झाला. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्रामाच्या रस्त्यालगत एका टपरीवर पाहिलेली फळी मला आठवते. फळीवर ओळीने बोर्ड, प्रत्येकाला लोंबणाऱ्या दहातोंडी वायरी, आणि त्यांना चिकटलेले परगावच्या यात्रेकरूंचे फोन, प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टीने लावलेला नंबर. दहा तोंडं असूनही वापरात तीनच होती : साधी पिन, नोकियाची बारीक आणि एखाददुसरी आयफोनची. उरलेली सात तोंडं फळीखाली तशीच लोंबत होती.

सी टाईपचं मानक त्याआधी वर्षभर, ऑगस्ट २०१४ मध्ये आलं होतं. चोवीस पट्ट्या, दोन्ही बाजूंना सारख्या मांडलेल्या, म्हणून उलटी-सुलटी भानगड संपली. पण तिचा मोठेपणा त्यात नाही. सी टाईपची दोन टोकं जोडली की वीज वाहण्याआधी ती एकमेकांशी बोलतात. वायर कोणत्या बाजूने लागली आहे, वीज देणारा कोण आणि घेणारा कोण, किती झेपेल, हे आधी ठरतं. एवढ्या जुजबी बोलण्यावरही पाच व्होल्टला तीन अँपिअरपर्यंत, म्हणजे पंधरा वॅट मिळू शकतात. पॉवर डिलिव्हरी नावाची भाषा दोघांना येत असेल तर आकडा वर चढतो. २०२१ च्या आवृत्तीत तो २४० वॅटपर्यंत गेला. ज्या छिद्राने फोन भरायचा त्याच छिद्राने लॅपटॉप भरू लागला.

इथेच दुसरा गोंधळ सुरू झाला. छिद्राचा आकार एक झाला, पण बोलायच्या भाषा अनेक झाल्या. क्वालकॉमचं क्विक चार्ज २०१३ चं, ओप्पोचं व्हूक २०१४ चं. काहींनी व्होल्टेज वाढवून वेग गाठला, काहींनी व्होल्टेज कमी ठेवून करंट वाढवला आणि त्यासाठी खास जाड वायर दिली. परिणाम आपण रोज बघतो. फोनच्या खोक्यातल्या चार्जरने अर्ध्या तासात भरणारा फोन शेजाऱ्याच्या तितक्याच मोठ्या चार्जरवर दोन तास रेंगाळतो. गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं, “सी टाईपच दिली ना तुम्ही, मग फास्ट का होत नाही?” वायरीतही फरक आहेच. तीन अँपिअरच्या पुढे न्यायचं तर सी टाईप केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात, आणि या एका कारणाने लोकांचे किती पैसे वाया गेले असतील याची मला खंत वाटते.

युरोपने मग ऐच्छिक मार्ग सोडला. ॲपलचा आक्षेप होता की सक्तीने नवं संशोधन खुंटेल. तरीही ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेत सी टाईपच्या सक्तीच्या बाजूने ६०२ मतं पडली, विरोधात १३. फोन, टॅबलेट, कॅमेरे वगैरेंना २८ डिसेंबर २०२४ पासून, लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. फेकलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा तिथला कचरा वर्षाला सुमारे ११ हजार टन होतो असा आयोगाचा अंदाज होता. कायद्यात छिद्राबरोबर भाषेचाही विचार केला आहे हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पंधरा वॅटच्या वर जाणाऱ्या उपकरणाला, स्वतःची खास पद्धत असली तरी, पॉवर डिलिव्हरी समजलीच पाहिजे. मुदतीच्या वर्षभर आधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ सी टाईप घेऊन आला.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नोव्हेंबर २०२२ च्या बैठकीत उद्योगांची सी टाईपला संमती मिळवली आणि जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तिचं मानक काढलं. साध्या बटणाच्या फोनचा प्रश्न वेगळा धरला गेला. ते योग्यच होतं. हजार-बाराशेच्या फोनमध्ये दहा-वीस रुपयांचा फरकही जाणवतो, आणि तो फोन वापरणारी माणसं आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत.

आता वायरलेसकडे वळू. कल्पना नवी नाही. १८३१ मध्ये फॅरेडेने दाखवलं की एका वेटोळ्यातला प्रवाह बदलला की शेजारच्या, न चिकटलेल्या वेटोळ्यातही वीज निर्माण होते. विजेवर चालणारे टूथब्रश १९९० च्या दशकापासून याच तत्त्वावर चार्ज होतात, कारण ओल्या हातात उघडी पिन नको. फोनच्या तबकडीतही तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातला प्रवाह सेकंदाला लाखाहून जास्त वेळा दिशा बदलतो आणि फोनच्या पाठीतलं वेटोळं ती वीज झेलतं. मधलं अंतर काही मिलिमीटरांचंच चालतं. दोन वेटोळी समोरासमोर नसली तर वीज बॅटरीत जाण्याऐवजी उष्णतेत जाते. मधे धातू आलेला चालत नाही, म्हणून वायरलेसचे फोन काचेच्या पाठीचे झाले. ती पाठ फुटली की किती खर्च येतो हे ज्याची फुटली त्यालाच ठाऊक.

फोनवर ही सोय पाम कंपनीच्या ‘प्री’ या फोनने २००९ मध्ये आणली. त्याआधी काही महिने, डिसेंबर २००८ मध्ये, कंपन्यांचा एक गट स्थापन झाला आणि २०१० मध्ये त्याने ‘ची’ हे मानक काढलं. चिनी भाषेत ची म्हणजे प्राणशक्ती. पिनांच्या बाबतीत जे झालं तेच इथे पुन्हा घडलं : २०१२ मध्ये आणखी दोन गट उभे राहिले आणि तीन पद्धती एकमेकांशी झगडू लागल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोन ८ आणि टेनने ‘ची’ उचलली आणि झगडा जवळजवळ मिटला. तीन उपकरणं कशीही ठेवली तरी भरणारी तबकडी ॲपलने तेव्हाच जाहीर केली होती, पण ती मार्च २०१९ मध्ये रद्द करावी लागली. पुढे २०२० मध्ये ॲपलच्याच मॅगसेफ चार्जरने चुंबक लावून वेटोळी समोरासमोर धरली. २०२३ च्या ‘ची टू’ मध्ये तीच चुंबकाची युक्ती सगळ्यांसाठी खुली झाली. स्पर्धक कंपनीने आपली चीज सामायिक मानकाला द्यावी, हे या सगळ्या इतिहासात क्वचित घडलेलं आहे.

बिनछिद्री फोनही बनवून झाले आहेत. जानेवारी २०१९ मध्ये मेझू या चिनी कंपनीने झिरो आणि विव्होने ॲपेक्स हा फोन दाखवला. मेझूच्या फोनला लोकवर्गणीत पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाहीत, विव्होचा नमुनाच राहिला. पण वाट मोकळी आहे. युरोपचा कायदा वायरीने चार्ज होणाऱ्या फोनलाच लागू होतो. छिद्रच नसेल तर सी टाईपचीही सक्ती नाही. वायरलेसच्या समान पद्धतीचं काम आयोगाकडे सोपवलेलं आहे, ते पूर्ण होण्याआधी कुणी बिनछिद्री फोन आणला तर २००९ ची पळवाट नव्या रूपात उघडेल अशी मला भीती वाटते.

बिनछिद्रीच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. पाणी आणि धूळ शिरायचा सर्वांत मोठा दरवाजा तोच. आमच्या नानांच्या फोनने हे मला वारंवार दाखवलं आहे. द्राक्षबागेत फवारणीच्या दिवसांत औषधाची पांढरी भुकटी खिशात जाते, खिशातून पिनेत जाते. रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला ओल्या हाताने फोन काढावा लागतो. मी त्यांना चांगली वायरलेस तबकडी आणून दिली. घरात ती चालली. पण एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये फोन इतका तापला की चार्जिंग आपोआप थांबलं, आणि उष्णतेने लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते ते वेगळंच. ट्रॅक्टरवर, एसटीत, पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात तबकडी कुठे ठेवायची हाही प्रश्नच आहे. फोन बंद पडला तर आतले फोटो काढायलाही छिद्रच कामाला येतं. म्हणून छिद्र राहावं आणि तबकडी जोडीला असावी असं माझं मत आहे.

मागच्या पावसाळ्यात नानांचा फोन चार्जच होईना, तेव्हा सीबीएस बसस्टँडला उतरून आम्ही दोघं एम. जी. रोडला गेलो. काउंटरमागच्या पोराने भिंगाखाली पिन पाहिली, टाचणीने आतून दाबून बसलेली भुकटी काढली, ब्रशला थिनर लावून घासलं. तरी होईना. “काका, सीसी बोर्ड बदलावा लागेल,” तो म्हणाला. नानांनी विचारलं, “आतलं सगळं राहील ना रे?” “राहील काका, खालची पट्टीच बदलायची फक्त.” त्याने पाठ गरम करून उघडली, इवलाले स्क्रू चुंबकाच्या चटईवर ओळीने मांडले, खालचा छोटा बोर्ड काढून नवा बसवला. मग वायरीच्या मध्ये आकडे दाखवणारा टेस्टर लावला. शून्य, शून्य, आणि मग १.८ अँपिअर. नानांनी चष्मा वर करून तो आकडा नीट पाहिला आणि खिशातून पैसे काढले.