घरी मराठी बोललं की मूल शाळेत मागे पडतं?

बडोद्यात बालवाडीचे प्रवेश आले की हा फॉरवर्ड फिरतोच: 'घरी मराठी बोलू नका, मुलाचा गोंधळ उडतो, गुजराती-इंग्रजी कच्चं राहतं.' आईबाबा काळजीपोटीच तो पाळतात. पण तसं होत नाही.

दांडिया बाजारातलं एखादं पोर उत्तरायणला म्हणतं, 'मला पतंग चगवायचाय.' यात गोंधळ कुठे आहे? गुजराती 'चगाववुं'ला (म्हणजे पतंग उडवणं) त्याने मराठी प्रत्यय अचूक लावलाय. फक्त एकाच भाषेतले शब्द मोजले, तर ते कमी भरतात. म्हणून आठवडाभर दोन्हींतले शब्द मिळून लिहून काढा. मग एक गोष्ट मराठीत सांगा आणि तीच शेजारच्या काकींना गुजरातीत सांगायला लावा. समजलेलं या भाषेतून त्या भाषेत जातं, हे तुम्हालाच दिसेल. दोन्ही भाषांत बोलणं उशिरा वाटलं, तर आधी कान तपासून घ्या; मराठी बंद करणं हा उपाय नव्हे.

मला खरी काळजी वर्गाची वाटते. 'तुमच्या घरी याला काय म्हणतात?' एवढं बेननी (वर्गातल्या बाईंनी) विचारलं, तरी गप्प बसलेलं मूल बोलू लागतं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्यांनी सोयी कराव्यात, असं राज्यघटनेचं कलम ३५०-क १९५६ पासून सांगतं.