खाऱ्या पाण्याचे मोठे मत्स्यालय : पंप व गाळण यंत्रणा

टाकीतील सर्व पाणी ठरावीक वेळात फिरवून, त्यातील गाळ, विरघळलेली प्रथिने आणि अमोनिया काढून ते पुन्हा टाकीत सोडणारी यंत्रणा. तिची निवड पंपाच्या अश्वशक्तीपासून नव्हे, तर प्रवाह आणि हेड (पंपाला पाणी जितक्या उंचीवर चढवल्याइतका जोर लावावा लागतो ती मीटरमधील उंची, नळ व गाळणीचा अडथळा धरून) या दोन आकड्यांपासून सुरू होते.

उदाहरणादाखल १ लाख लिटरची टाकी घेऊ. सारे पाणी दीड तासात एकदा गाळायचे, तर ताशी सुमारे ६७ घनमीटर प्रवाह लागतो. हेडचा हिशेब असा : यंत्रखोलीपासूनची चढण ५ मी., नळ व वळणांतील घर्षण ३ मी., स्वच्छ वाळूचा अडथळा २ मी. आणि वाळू तुंबल्यावर त्यात पडणारी ५ मीटरची भर. एकूण १५ मी. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर पंप फिरवणाऱ्या दांड्यावर सुमारे ४.७ किलोवॉट लागतात. एकाच मोठ्या पंपापेक्षा निम्म्या प्रवाहाचे, प्रत्येकी ५ अश्वशक्तीचे तीन पंप बसवून दोन चालते व एक राखीव ठेवणे शहाणपणाचे. वाळू स्वच्छ असताना हेड १० मीटरवर येते आणि पंप जास्त पाणी फेकून मोटरवर ताण आणतो, म्हणून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह (विद्युत नियंत्रक) हवाच. यंत्रणा चोवीस तास चालते; एक मीटर हेड वाचवले की दिवसाला ८ युनिटांहून अधिक वीज वाचते. म्हणून एक माप मोठ्या व्यासाचा नळ आपला जादा खर्च लवकर भरून काढतो. पाण्याचा वेग चोषण नळात (पंपाकडे पाणी ओढणाऱ्या) सेकंदाला १ मी., तर पंपापुढच्या नळात १.५ मी. इतपत ठेवावा.

पंप पाण्याच्या पातळीखाली बसवतात. चोषण बाजूचा सैल सांधा हा सर्वांत फसवा दोष होय : पंप चालू असताना तो कोरडाच दिसतो, पण आत हवा ओढतो. दाबाखाली ही हवा पाण्यात विरघळते, पाणी वायूने अतिसंपृक्त होते (मावेल त्याहून जास्त वायू त्यात विरघळतो) आणि माशांच्या डोळ्यांत, कातडीखाली बुडबुडे धरतात. पंप थांबवल्यावर तोच सांधा टिपकू लागतो. तपासणी तेव्हाच करावी.

लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही खाचा पडतात. काचतंतू-प्लॅस्टिक किंवा पॉलिप्रॉपिलीनचा पंप, टायटॅनियमचे भाग व सिलिकॉन कार्बाइडचे सील योग्य. पितळ, कांसे वर्ज्य. त्यांतून सुटणारे तांबे प्रवाळ व इतर अपृष्ठवंशी प्राण्यांना मारक ठरते.

वाळूच्या गाळणीत चूक बहुधा उलट-धुण्याच्या (खालून वर पाणी सोडून वाळू धुण्याच्या) हिशेबात होते. ताशी १५ मी. वेगाने गाळायला साडेचार चौ.मी. क्षेत्र पुरते, ते १.८ मी. व्यासाच्या दोन टाक्यांतही बसते. पण वाळू उचलून धुण्यासाठी ताशी ४० मी. वेग लागतो, म्हणजे अशा एका टाकीला ताशी १०० घनमीटर, जे पंपांच्या आवाक्याबाहेर आहे. १.२ मी. व्यासाच्या चार टाक्या घेतल्या तर एका वेळी ४५ घनमीटर पुरतात. पाच मिनिटांच्या एका धुण्यात पावणेचार हजार लिटर खारे पाणी, म्हणजे सुमारे १३० किलो क्षार, वाया जातात. कृत्रिम समुद्रजल वापरणाऱ्यांनी ते निवळवून परत घेण्याची सोय आधीच आखावी. दाबातील फरक अर्ध्या बारने वाढला की धुवावे, वार पाहून नव्हे.

वाळूतून निसटणारी प्रथिने प्रोटीन स्किमर फेसाबरोबर काढतो. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून हे यंत्र येथे गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले चालते. दोन मिनिटांचा संपर्ककाळ धरला तर ताशी ३० घनमीटरच्या शाखेला १ घनमीटर स्तंभ लागतो. त्यात ओझोन सोडल्यास समुद्रजलातील ब्रोमाइडपासून टिकाऊ, विषारी ऑक्सिडीकारके बनतात. म्हणून पुढे सक्रिय कोळसा ठेवावा आणि टाकीतील रेडॉक्स (पाण्याच्या ऑक्सिडीकरण-क्षमतेचे माप) ३५० मिलिव्होल्टवर जाऊ देऊ नये.

अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू जैवगाळणीत (जीवाणू वाढवण्यासाठीच्या गाळणीत) रुजायला चार ते सहा आठवडे, कधी अधिकही लागतात. ते पाण्याची अल्कता (आम्ल शोषून सामू स्थिर ठेवण्याची क्षमता) खातात : १ मि.ग्रॅ. अमोनिया-नायट्रोजनामागे सुमारे ७ मि.ग्रॅ., कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. ती भरून काढली नाही तर सामू घसरत जातो. कोकण किनाऱ्यावर समुद्राचे पाणी थेट घेणाऱ्यांना पावसाळ्यात गढूळ, कमी क्षारतेचे पाणी मिळते. त्याआधीचा साठा हाताशी असावा.

वीज गेल्यावर वरचे पाणी सायफनने खालच्या संपात (यंत्रखोलीतील साठवण टाकीत) उतरते. परतीच्या नळाला पातळीलगत हवेचे छिद्र आणि संपात तेवढी रिकामी जागा नसेल तर यंत्रखोली बुडते. बंद गाळणीतील जीवाणू काही तासांत प्राणवायू संपवतात. मग समुद्रजलातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ लागतो. दीर्घ खंडानंतर गाळणीतील पहिले पाणी टाकीत न सोडता गटारात सोडावे आणि सडक्या अंड्यांचा वास पूर्ण गेल्यावरच झडप टाकीकडे वळवावी.