दुकान आणि ऑनलाइन विक्रीची सांगड (कोकण किनारपट्टी)

एकाच व्यापाऱ्याचे दुकान आणि त्याची ऑनलाइन विक्री एकाच मालसाठ्यावर, एकाच दराने आणि एकाच ग्राहक-नोंदीवर चालवण्याची पद्धत. व्यापारात हिला ‘ओम्नीचॅनल’ म्हणतात. ऑनलाइन मागवून दुकानातून उचलणे, दुकानात पाहून घरपोच घेणे, घरी आलेली वस्तू दुकानात परत करणे आणि दुकानाच्या फळीवरूनच पार्सल रवाना करणे हे तिचे नेहमीचे प्रकार.

कोकणात ही गरज मुख्यतः चाकरमान्यांमुळे उभी राहिली. गणपतीत, शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी आलेला माणूस मालवण, गुहागर, सावंतवाडीच्या बाजारात कोकमाचे आगळ चाखतो. फणसपोळी, काजूगर, मालवणी मसाला घेऊन मुंबईला परततो. दोन महिन्यांनी मसाला संपतो तेव्हा त्याला त्याच दुकानाचा हवा असतो. पूर्वी हा निरोप येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर येई. आता यादी व्हॉट्सॲपवर येते आणि पैसे यूपीआयने. चव दुकानाने आधीच पटवलेली असते, म्हणून अशा ग्राहकासाठी जाहिरातीवर खर्च करण्यापेक्षा त्याचा फोन नंबर आणि आवड बिलाबरोबर टिपून ठेवणे अधिक उपयोगाचे.

खरी अडचण साठ्याच्या हिशेबाची. संकेतस्थळावर वीस बरण्या दिसत असतात आणि गल्ल्यावर त्यातल्या अठरा सकाळीच खपलेल्या असतात. बिलिंगचे सॉफ्टवेअर आणि संकेतस्थळ एकाच आकड्याला जोडणे हा त्यावरचा पक्का उपाय. पण पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, त्यामुळे नेट नसतानाही बिल करणारी आणि नंतर आकडे जुळवणारी यंत्रणाच इथे टिकते. लहान दुकानाने ऑनलाइनचा माल वेगळ्या फळीवर काढून ठेवला तरी काम भागते.

सर्वांत अवघड माल हापूस. दुकानात आढीतला तयार आंबा विकला जातो, तर पार्सलच्या पेटीत कडक फळ भरावे लागते, म्हणजे ते वाटेत आणि घरी पिकते. फळ एकच, पण साठे दोन, आणि दोन्ही रोज बदलणारे. त्यात साका. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखे निघते. विकणाऱ्यालाही ते आधी कळत नाही. असे फळ परत मागवण्यात अर्थ नसतो. कापलेल्या फळाचा फोटो घेऊन पुढच्या पेटीत तितकी फळे जादा देणे किंवा पैसे वळते करणे, हा नियम दुकानातल्या आणि ऑनलाइन ग्राहकाला सारखाच लागू असावा. फरक केला की विश्वास तुटतो, आणि आंब्याचा धंदा विश्वासावरच चालतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे पेटीवर नोंदणीकृत बागायतदाराचा उल्लेख असला, की दूरच्या ग्राहकाला मालाचा उगम तपासता येतो.

उलट्या दिशेची वाहतूकही आहे. वाडीतला पत्ता ‘पाणंदीच्या वर, वडाच्या डावीकडे’ असा असतो, आणि कुरिअर बहुधा तालुक्याच्या गावीच थांबते. तिथे बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानाने पार्सल ठेवून घेतले, तर आठवडा बाजाराला आलेला माणूस ते उचलतो आणि जाता जाता दुकानातून चार वस्तूही घेतो.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक लागतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल परत करण्याच्या अटी आणि तक्रारीसाठीचा संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असलेला विक्रेता १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवाय, केवळ नावनोंदणी क्रमांकावर, ऑनलाइन बाजारमंचावरून माल विकू शकतो. मात्र राज्याच्या आतच. बांद्याच्या दुकानदाराला तोच मसाला पत्रादेवी ओलांडून गोव्यात पाठवायचा असेल, तर नोंदणी घ्यावी लागते.