चिनी अक्षरांतली सममिती: कासवाच्या कवचापासून ब्रशपर्यंत

चिनी लिपीतल्या सममितीची सर्वांत जुनी आणि ठसठशीत साक्ष कासवाच्या पोटाकडच्या कवचावर सापडते. हेनान प्रांतात आन्यांगजवळ शांग राजांची शेवटची राजधानी होती. इ.स.पू. १२०० च्या सुमारास तिथे राजासाठी कवचांवर कौल लावत. या कवचात नऊ हाडे असतात: चार जोड्या आणि वरच्या भागात मधोमध एकटे एक. कवचाचे दोन अर्ध जवळपास सारखे, म्हणून कौलही जोडीने लावत. उजवीकडे ‘पीक मिळेल’, डावीकडे ‘मिळणार नाही’.

कवच घासून घेतले की आतल्या बाजूने एक लांबट खाच आणि तिला लागून, मधल्या रेषेच्या बाजूस, गोल खळगा कोरत. आरपार भोक पडू द्यायचे नाही. तिथे तापवले की पुढच्या बाजूला उभी चीर जाई आणि तिला आडवी चीर फुटे. खळगा मधल्या रेषेकडे, त्यामुळे आडवी चीरही तिकडेच वळे. उजव्या अर्धात डावीकडे, डाव्या अर्धात उजवीकडे. कौल लावणे या अर्थाचे ‘बू’ (卜) हे अक्षर म्हणजे या चिरेचेच चित्र.

कौलाचा मजकूर कवचावर कोरणारे अक्षरेही अनेकदा अशीच उलटवत. माणसाचे चिन्ह कोणत्याही बाजूला तोंड करून चाले. हाताच्या चिन्हात मात्र डावा-उजवा भेद दिशेवरूनच दाखवता येई. सुट्या तुकड्यावर ही जोडी दिसत नाही, अखंड कवच लागते. म्हणूनच १९३६ साली एका खड्ड्यातून निघालेले १७,०९६ तुकडे मोलाचे. त्यांत सुमारे ३०० कवचे अखंड होती.

इ.स.पू. २२१ नंतर छिन राजवटीने मुद्रालिपी (शिक्क्यांवर दिसते ती वळणदार लिपी) प्रमाण केली आणि अक्षरांच्या दिशा बऱ्याच पक्क्या झाल्या. तिच्यातले झाड, ‘मू’ (आजचे 木), काटेकोर सममित आहे: मधे खोड, वर वळलेल्या फांद्या, खाली वळलेली मुळे.

छिननंतरच्या हान राजवटीच्या काळापासून ब्रशची चाल अक्षरांत उतरत गेली आणि हा काटेकोरपणा सुटला. उजव्या हाताने लिहिताना आडवी रेघ उजवीकडे किंचित चढते, डावा फराटा निमुळता होतो, उजवा शेवटी पसरतो. आजच्या ‘मू’ला सममित म्हणण्यापेक्षा तोललेले म्हणणे जास्त बरोबर. ‘लिन’ (林), म्हणजे वन, लिहिताना हे लगेच कळते. दोन सारखी झाडे शेजारी काढली की मधले फराटे एकमेकांत घुसतात. शिकणाऱ्यांची ही नेहमीची चूक. डावे झाड अरुंद ठेवायचे, त्याचा उजवा फराटा आखडून ठिपक्याएवढा करायचा. दाट रानातही लगतच्या झाडांच्या समोरासमोरच्या फांद्या अशाच खुरटतात. डाव्या झाडाचे खोड आडव्या रेघेला मधोमध छेदत नाही, थोडे उजवीकडे छेदते.