केएमटीची (कोल्हापूर महापालिकेच्या बससेवेची) ई-बस: धूर, ब्रेक आणि जोतिबाचा उतार

डिझेल बस सगळ्यात काळा धूर कधी सोडते? वेगात असताना नव्हे, थांब्यावरून हलताना. ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये डिझेल लगेच वाढतं. पण ते पुरतं जळायला लागणारी हवा टर्बो आत ढकलेपर्यंत क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी बाहेर पडते, ती मागच्या दुचाकीवाल्याच्या थेट तोंडावर. बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांनुसार बनलेल्या गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो, जुन्या बसना नसतो. आणि मिरजकर तिकटी ते बिंदू चौक एवढ्या टप्प्यात बस किती वेळा थांबते-हलते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

केंद्राच्या 2023 च्या पीएम ई-बस सेवा योजनेत देशभरासाठी 10,000 बस आहेत आणि त्यात कोल्हापूरही आहे. आपल्यासारख्या गर्दीच्या, हळू चालणाऱ्या शहरातच ही बस जास्त शोभते. कारण ब्रेकमध्ये आहे. माणसांसकट 15 टनांची बस ताशी 40 किलोमीटरवरून थांबली, की सुमारे पाव युनिट विजेइतकी ऊर्जा संपते. डिझेल बसमध्ये ती ब्रेक तापवण्यात जाते. ई-बसमध्ये वेग कमी करताना मोटरच उलट जनित्र बनते आणि त्यातला बराचसा वाटा बॅटरीत परत टाकते. ब्रेक कमी घासले जातात, म्हणून त्यांची बारीक धूळही कमी उडते.

आता हीच बस जोतिबाला न्या. डोंगर शहरापेक्षा साधारण साडेतीनशे-चारशे मीटर उंच. नुसती ही उंची गाठायला 14 ते 16 युनिट लागतात, चाकांचं घर्षण वेगळं. उतरताना यातलं बरंचसं परत मिळतं, पण बॅटरीत जागा असेल तरच! वर डोंगरावर चार्जर बसवून बॅटरी काठोकाठ भरली, तर उताराची फुकटची वीज घ्यायची कुठे? चार्जिंग खालीच बरं.

कार्बनचं गणित मात्र एवढं गोड नाही. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गर्दीत बस लिटरला तीनेक किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला 0.9 किलो. ई-बसला किलोमीटरला सव्वा युनिट धरलं आणि आपल्या कोळशावरच्या विजेचे युनिटमागे 0.7 किलो धरले, तर आकडा जवळपास तोच येतो. ई-बसच्या जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही. तरी फरक आहेच: वीज सौर-पवनकडे सरकेल तशी तीच बस आपोआप स्वच्छ होत जाते, डिझेल बसला ती सोय नाही. गल्लीतला धूर तर पहिल्या दिवसापासून बंद.

राहिला पंचगंगेचा प्रश्न. 2019 आणि 2021 चा पूर आपण पाहिलाय. ई-बसची बॅटरी बहुधा आयपी-67 दर्जाची, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी बंद पेटी असते. साचलेल्या पाण्यातून जाण्यापुरतं ते पुरेसं आहे; दोन-चार दिवस पाण्यात उभं राहण्यासाठी नाही. डेपोतले ट्रान्सफॉर्मर आणि चार्जर तर त्याहून नाजूक. बस हाकून उंचावर नेता येते, ट्रान्सफॉर्मर नेता येत नाही. त्यामुळे चार्जिंग डेपोची जागा पूररेषेच्या बाहेर हवी, आणि तिथं जाणारी वीजवाहिनीही.